कन्सोलची पिढी नेमकी कशावरून ठरते? (फडताळ अर्धवट लागलंय)

खोकेबाज · शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. माझे जुने कन्सोल (टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं) इतकी वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांत पडून होते. शेवटी एक फडताळ करून घेतलं. नऊ कप्पे, कारण याद्यांमध्ये कन्सोलच्या पिढ्या नऊ. प्रत्येक कप्प्याच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून जाड पेनाने 'पिढी १', 'पिढी २' असं लिहूनही काढलं. (हसा, हसा.)

सुरुवात झकास झाली. अटारी २६०० दुसऱ्यात, निन्टेंडोचा फॅमिकॉम तिसऱ्यात, सेगाचा मेगा ड्राइव्ह चौथ्यात, सोनीचा पहिला प्लेस्टेशन पाचव्यात. मग निन्टेंडोचा वी हातात घेतला आणि गाडी अडली. याचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा, त्याच्या आधीच्या गेमक्यूबचा साधारण ४८५चा, आणि दोन्ही एकाच घराण्यातले. सुरुवातीच्या वीमध्ये गेमक्यूबची चकती घातली की सरळ चालते. चित्र जास्तीत जास्त ४८०पी. शेजारी एक्सबॉक्स ३६० (२००५) आणि पीएस३ (प्लेस्टेशन ३, २००६) मात्र एचडी दाखवत उभे. ताकद बघितली तर वी सहाव्या कप्प्यातला, तारीख बघितली तर सातव्या. जग त्याला सातव्यात ठेवतं. ठीक, म्हणजे तारीख महत्त्वाची, असं मी धरून चाललो.

पण मग निन्टेंडोचेच वी यू (२०१२) आणि स्विच (२०१७) दोघंही आठव्यात कसे? बाप आणि लेक एकाच पिढीत, हे कुठल्या वंशावळीत बसतं?

जाणकारांनी उजेड पाडावा. फडताळ उघडं पडलंय आणि खाली जमिनीवर अकरा यंत्रं पसरलीयेत.


टिंबटिंब · शनिवार, रात्री १०:३१

उंचीप्रमाणे लावा. सगळ्यात उंच तळाला. प्रश्न मिटला.


जुनं_कार्ट्रिज · शनिवार, रात्री ११:०५

खोकेबाज, तुमची अडचण नवीन नाही. एक लक्षात घ्या, ज्या काळात ही यंत्रं विकली जात होती तेव्हा 'तिसरी पिढी', 'चौथी पिढी' असं कोणी म्हणत नसे. लोक बिट मोजायचे. मेगा ड्राइव्हच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत '१६-बिट' असं कोरूनच दिलेलं असायचं. हे पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे मागाहून, सगळा इतिहास एका ओळीत मांडायला बसल्यावर आले. विकिपीडियावरची पानं याच आकड्यांनी लावलेली आहेत आणि आता सगळे तिथूनच उचलतात. कुठल्याही समितीने बसून हे ठरवलेलं नाही.

बिटांनी मोजणं तरी धड होतं का? तेही नाही. इंटेलिव्हिजन बघा, १९७९-८० चं यंत्र. त्याचा प्रोसेसर १६-बिट होता! बिट हाच निकष असेल तर ते मेगा ड्राइव्हच्या (१९८८) मांडीला मांडी लावून बसायला हवं. उलट पीसी इंजिनचा (१९८७) प्रोसेसर ८-बिट, चित्रं काढणारी चिप १६-बिट. अमेरिकेत विकताना नाव काय दिलं? टर्बोग्राफिक्स-१६.


मुग्धा_म · शनिवार, रात्री ११:२०

माझी एक बाळबोध शंका. बिट म्हणजे नक्की कशाचे बिट? चित्राचे, आवाजाचे की मेमरीचे? लहानपणापासून '८-बिट गेम' म्हणतेय आणि आज कळतंय की मला अर्थच माहीत नाही.


जुनं_कार्ट्रिज · शनिवार, रात्री ११:४८

बाळबोध मुळीच नाही, मुग्धाताई. ढोबळमानाने, प्रोसेसर एका फटक्यात केवढी संख्या हाताळतो ते. ८ बिटांत ० ते २५५ एवढंच मावतं. गेममध्ये तुमचे २५० गुण झालेत आणि अजून १० मिळाले, तर ८-बिट प्रोसेसरला ते एका घासात गिळता येत नाही. तो आधी खालचा तुकडा मिळवतो, हातचा एक ठेवतो, मग वरच्या तुकड्यात तो हातचा मिळवतो. आपण शाळेत उभी बेरीज करायचो तशीच. १६-बिट प्रोसेसर ६५,५३५ पर्यंतचं एका फटक्यात उरकतो.

आता गंमत बघा. पडद्यावर किती रंग, किती हलती चित्रं, पार्श्वभूमी किती गुळगुळीत सरकते, यातलं बरंचसं प्रोसेसरच्या हातात नसतंच, ते चित्राच्या चिपचं काम. म्हणजे खोक्यावर जो आकडा छापला, त्याचा डोळ्यांना दिसणाऱ्या फरकाशी संबंध दूरचाच.

प्रोसेसरचं घराणं बघूनही पिढी कळत नाही. अटारी २६०० (१९७७) मध्ये ६५०२ या ८-बिट प्रोसेसरची कापून लहान केलेली आवृत्ती आहे. फॅमिकॉमच्या (१९८३) चिपच्या पोटात ६५०२. पीसी इंजिनमध्ये त्याचाच सुधारित वंशज. सुपर फॅमिकॉममध्ये (१९९०) त्याच घराण्याचा १६-बिट वारस. एक घराणं, तीन पिढ्या.


टिंबटिंब · शनिवार, रात्री ११:५५

एक घराणं, तीन पिढ्या. याला तर मराठीत पिढ्याच म्हणतात की!


जुनं_कार्ट्रिज · रविवार, रात्री १२:०२

हा चेंडू सीमापार. मान्य.


गणिती_मांजर · रविवार, सकाळी ८:१०

बिट सोडा, मेमरी घ्या. सोनीच्या रांगेत एक सुंदर नियम सापडतो. मुख्य मेमरी: पहिला प्लेस्टेशन २ एमबी. पीएस२ ३२ एमबी. पीएस३ ५१२ एमबी (निम्मी प्रोसेसरची, निम्मी चित्रांची). पीएस४ ८ जीबी. दर वेळी बरोबर सोळापट! १९९४ ते २०१३, तीन उड्या, तिन्ही सोळापट. पिढी म्हणजे सोळापट उडी, अशी व्याख्या करून टाकावी असा मोह होतो.

आणि मग पीएस५. १६ जीबी. दुप्पट.

माझ्या नियमाने २०२० मध्ये पिढी बदललीच नाही.


रेघोटी · रविवार, सकाळी ९:३४

मी गेम बनवणाऱ्यांपैकी आहे (मोठ्या नावाच्या ठिकाणी नाही, उगाच कौतुक नको), म्हणून मांजराच्या हिशेबात एक भर घालते. २०२० मध्ये उडी मेमरीत नव्हती, साठवणीत होती. पीएस४ मधली हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक एमबी वाचायची, तेही तिची मर्जी असेल तर. पीएस५ च्या एसएसडीचा (फिरत्या चकतीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) कच्चा वेग सेकंदाला ५.५ जीबी.

तुम्हाला हा फरक 'लोडिंग कमी झालं' एवढाच दिसतो. आमच्या बाजूने बघा. हार्ड डिस्कच्या काळात पात्राला मुद्दाम अरुंद फटीतून सरपटत न्यावं लागायचं, नाहीतर लिफ्टमध्ये उभं करून गप्पा मारायला लावायचं, कारण तेवढ्या वेळात पुढचं शहर मेमरीत ओतायचं असायचं. एकच झाड चकतीवर दहा ठिकाणी लिहून ठेवायचो, वाचणारी सुई फार लांब धावायला नको म्हणून. एसएसडी आली आणि हे सगळे उद्योग संपले. माझ्यासाठी पिढी तिथे बदलली. मेमरी दुप्पट का होईना.

आणि याचा उलटा दाखला हवाय? एक्सबॉक्स वन एक्स (२०१७) आणि एक्सबॉक्स सिरीज एस (२०२०) शेजारी ठेवा. वन एक्सला १२ जीबी मेमरी, सिरीज एसला १०. चित्रांची ताकद वन एक्सची ६ टेराफ्लॉप (आकडेमोडीच्या वेगाचं माप), सिरीज एसची ४. दोन्ही आकड्यांत थोरला धाकट्यापेक्षा वरचढ! तरी वन एक्स आठवीत आणि सिरीज एस नववीत. का? धाकट्याचा प्रोसेसर कितीतरी पुढचा, आणि पोटात एसएसडी. नव्या एक्सबॉक्ससाठी लिहिलेला गेम सिरीज एसवर चालतो, वन एक्सवर नाही. विषय संपला.


मुग्धा_म · रविवार, सकाळी ९:५०

अरुंद फटीतून सरपटण्याचं कारण हे होतं?? इतकी वर्षं मला वाटायचं की कथेत ताण आणायला करतात.


रेघोटी · रविवार, सकाळी ९:५७

ताण आमच्यावर असायचा, ताई.


आडवाटे · रविवार, सकाळी ११:१५

सगळे खोक्याच्या आत डोकावतायत. पिढी खोक्याबाहेर असते असं माझं म्हणणं. कोण कोणाशी भांडत होतं ते बघा. एकाच वेळी एकाच गिऱ्हाईकाच्या टीव्हीखालच्या एका जागेसाठी जी यंत्रं झगडली, ती एक पिढी. वी ताकदीने दुबळा होता, पण लढला ३६० आणि पीएस३ शी. म्हणून सातवा. विषय सोपा आहे.

पाचव्यात सेगाचा सॅटर्न, प्लेस्टेशन आणि निन्टेंडोचा एन६४ एकत्र का? सॅटर्न २२ नोव्हेंबर १९९४ ला आला, प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ ला. जपानी बाजारात अवघ्या अकरा दिवसांचं अंतर. एन६४ तर चकतीऐवजी कार्ट्रिजवरच (गेमची चिप असलेली, यंत्रात खोचायची डबी) राहिला आणि आला १९९६ ला. तरी भांडण तेच, म्हणून पिढी तीच.


जुनं_कार्ट्रिज · रविवार, दुपारी १२:४०

आडवाटे, तुमचं म्हणणं पटण्याजोगं आहे, पण ड्रीमकास्टचं काय करता? जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ ला आला. सेगाने मार्च २००१ अखेर त्याचं उत्पादन बंद केलं. गेमक्यूब आला सप्टेंबर २००१ ला आणि पहिला एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ ला. म्हणजे ड्रीमकास्टचं शेवटचं यंत्र कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा या दोघांचा जन्मही झालेला नव्हता. तरी तिघंही सहाव्या पिढीत. मेलेल्याशी लढले का हे?


आडवाटे · रविवार, दुपारी १:२०

ड्रीमकास्ट पीएस२ शी लढला, आणि पीएस२ पुढे गेमक्यूब-एक्सबॉक्सशी. साखळी आहे ती. पीएस२ हा मधला दुवा. त्यातही गंमत अशी की मार्च २००० मध्ये पीएस२ दुकानात यायच्या आधीपासूनच ड्रीमकास्ट त्याच्याशी लढत होता. 'थांबा, सोनीचा येतोय' म्हणून गिऱ्हाईक हात आखडता घेत होतं. न आलेल्या यंत्राशी लढाई, तीही हरलेली. पण लढाईच ना?


गणिती_मांजर · रविवार, दुपारी १:४५

साखळी म्हटली की मी सावध होते. साखळी कुठेही जोडता येते. पीएस२ चं उत्पादन पीएस३ येऊन सहा वर्षं झाली तरी चालू होतं. फॅमिकॉम तर निन्टेंडो २००३ पर्यंत बनवत होतं. १९८३ चं यंत्र, गेमक्यूबच्या बरोबरीने विकायला! तुमच्या साखळीने तिसरी पिढी थेट सहावीला जाऊन भिडते.


आडवाटे · रविवार, दुपारी २:०३

दुकानात असणं वेगळं आणि लढणं वेगळं. माझी आजी अजून घरात आहे म्हणून ती माझ्याशी नोकरीसाठी स्पर्धा करत नाही.


टिंबटिंब · रविवार, दुपारी २:०५

आजीला विचारून बघा एकदा.


जुनं_कार्ट्रिज · रविवार, दुपारी ४:३०

बरं, आता माझं ठेवणीतलं अस्त्र काढतो. खोकेबाज, तुमच्या त्या अकरा यंत्रांत कलेकोव्हिजन आहे का? आणि सेगाचा एसजी-१०००?


खोकेबाज · रविवार, दुपारी ४:४१

दोन्ही आहेत! कलेकोव्हिजन दुसऱ्या कप्प्यात लावलाय, एसजी-१००० तिसऱ्यात. या दोघांबद्दल तरी शंका नव्हती. १९८२ आणि १९८३. एक अमेरिकेतला, एक जपानचा.


जुनं_कार्ट्रिज · रविवार, दुपारी ४:४८

स्क्रू-ड्रायव्हर आहे ना? दोन्ही उघडा. वीज काढून ठेवा आधी. आत चिपांवर काय छापलंय ते जसंच्या तसं इथे लिहा.


खोकेबाज · रविवार, सायंकाळी ६:१९

आलो. कलेकोव्हिजनने घाम काढला. प्लॅस्टिकचं झाकण निघालं तर आत पत्र्याचं आवरण, आणि ते जागोजागी डाख दिलेलं. एसजी-१००० त्या मानाने सज्जन निघाला.

दोन्ही पाट्या टेबलावर शेजारी ठेवल्यात. बॅटरीचा उजेड तिरका पाडला की अक्षरं दिसतात.

कलेकोव्हिजन: मोठी चिप, डी७८०सी. दुसरी, टीएमएस९९२८ए. तिसरी, लहान, एसएन७६४८९ए.

एसजी-१०००: डी७८०सी. टीएमएस९९१८ए. एसएन७६४८९ए.

मी तीनदा वाचलं. एका आकड्याचा फरक सोडला तर ही एकच यादी आहे. काका, हे काय आहे??


जुनं_कार्ट्रिज · रविवार, सायंकाळी ७:१०

हेच ते. डी७८०सी म्हणजे एनईसीने बनवलेला झेड-८० जातीचा प्रोसेसर, दोन्हीकडे ३.५८ मेगाहर्ट्झवर. चित्राची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, एकाच कुळातली, फक्त टीव्हीकडे संकेत पाठवायची रीत निराळी. आवाजाची चिप तीच. मुख्य मेमरी दोन्हींना १ केबी, चित्रांची १६ केबी. ३२ हलती चित्रं, पण एका आडव्या रेषेत फक्त चार. पाचवं आलं की गायब. हा दोष सुद्धा दोघांत सारखा!

आतून ही जवळपास जुळी भावंडं. इतकी, की पुढे बिट कॉर्पोरेशनने डिना नावाचं एक यंत्र काढलं, त्यात दोन खाचा होत्या. एकीत कलेकोव्हिजनचं कार्ट्रिज घाला, दुसरीत एसजी-१००० चं.

आणि तरी एक दुसऱ्या पिढीत, दुसरा तिसऱ्या. कारण? एसजी-१००० बाजारात आला १५ जुलै १९८३ ला. त्याच दिवशी फॅमिकॉम आला. त्याच दिवशी! बस्स, एवढंच. फॅमिकॉमच्या शेजारी जन्मला म्हणून तिसऱ्या पिढीत भरती झाला.

फॅमिकॉम मात्र खरोखर वेगळा होता, ते सांगायलाच हवं. त्याची चित्राची चिप पार्श्वभूमी एकेक ठिपका सरकवू शकायची. टीएमएस९९१८ ला ती सोयच नाही. तिच्यावर पार्श्वभूमी सरकवायची तर सहसा आठ-आठ ठिपक्यांच्या चौकटी उचलून पुन्हा मांडायच्या, म्हणजे चित्र गचके खात जाणार. शिवाय फॅमिकॉमची हलती चित्रं ६४, रेषेत आठ. तंत्राने बघाल तर दुसरी आणि तिसरी पिढी यांची सीमा कलेकोव्हिजन आणि एसजी-१००० यांच्या मधून जातच नाही. ती एसजी-१००० आणि फॅमिकॉमच्या मधून जाते.


आडवाटे · रविवार, सायंकाळी ७:३३

पण यात माझंच म्हणणं सिद्ध होतंय की! तंत्राने जुळे, तरी पिढ्या वेगळ्या, कारण लढाया वेगळ्या. कलेकोव्हिजन अटारीशी लढला. त्याला तर अटारी २६०० ची कार्ट्रिज चालवायचा जोडसुद्धा मिळायचा, त्यावरून अटारीने खटला भरला होता. एसजी-१००० फॅमिकॉमशी लढला, हरला, आणि १९८५ ला मार्क ३ बनून परत आला. तोच बाहेर मास्टर सिस्टिम म्हणून गेला. वंश तिकडचा.


गणिती_मांजर · रविवार, रात्री ८:१५

थांबा थांबा. आडवाटे, तुम्ही आत्ता एका श्वासात दोन नियम वापरलेत. 'कोणाशी लढला' हा एक. 'वंश कुठला' हा दुसरा. दोन्ही एकच उत्तर देतात तोवर ठीक. पण वी यू घ्या. २०१२ ला आला तेव्हा समोर ३६० आणि पीएस३ होते, ताकदही त्यांच्याच आसपास. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन आले वर्षभराने, नोव्हेंबर २०१३ ला, आणि वी यू तोवर धापा टाकत होता. एकूण खपला सुमारे १ कोटी ३५ लाख. पहिलं वर्षभर तर तो सातव्या पिढीशीच लढला. तरी तो आठवा. का, तर वी सातवा होता आणि हा त्याचा वारस. इथे वंश जिंकला.

स्विचला मात्र वंश लावला असता तर तो नववा झाला असता. पण त्याला आठवा केला, कारण २०१७ ला समोर पीएस४ आणि एक्सबॉक्स वन होते. इथे लढाई जिंकली.

तक्ता एक, पण प्रत्येक ओळीला नियम निराळा. वीला प्रतिस्पर्धी, वी यूला बाप, एसजी-१००० ला जन्मतारीख. खोकेबाज, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुठलीच एक मोजपट्टी नाही. ज्या ओळीला जी पट्टी लावल्यावर तक्ता नीट दिसला, ती लावली.


खोकेबाज · रविवार, रात्री ८:४०

म्हणजे बाप-लेक एका पिढीत बसवले ते तक्ता सरळ दिसावा म्हणून. एवढं साधं कारण असेल असं वाटलं नव्हतं.


सांजवात७२ · रविवार, रात्री ९:२२

उशिरा आलो. निदान पहिली आणि दुसरी पिढी यांच्यात तरी स्वच्छ रेष आहे, असं वाटतं का कोणाला?

पहिलं यंत्र मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७२, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेलं. त्यात प्रोसेसर नाहीच. ट्रान्झिस्टर आणि डायोड. सोबत जी कार्डं यायची त्यांत गेम साठवलेला नव्हता. कार्ड खोचलं की आतल्या तारा वेगळ्या जोडल्या जायच्या, बस्स. आवाज नाही, रंग नाही. मैदान हवं तर रंगीत पारदर्शक पत्रा टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. गुण खेळणाऱ्यांनी स्वतः मांडायचे.

मग १९७६ ला फेअरचाइल्डचा चॅनल एफ. आत खरा प्रोसेसर, आणि कार्ट्रिजमध्ये रॉम चिपवर लिहिलेला गेम. ते काम जेरी लॉसन यांच्या चमूचं. यंत्र एक, गेम हवे तेवढे. ही खरी रेष. यंत्र विकत घेतल्यावर पुढच्या वर्षी त्यात असं काही चालेल, जे बनवणाऱ्याने यंत्र बनवताना कल्पिलंही नव्हतं. ओडिसीत हे शक्यच नव्हतं.

पण निन्टेंडोचा कलर टीव्ही-गेम ६ आला १९७७ ला, म्हणजे चॅनल एफनंतर. आत ठरावीक खेळ, बदलता न येणारे. तो पहिल्या पिढीत मोजतात, जरी दुसरी सुरू होऊन वर्ष झालं होतं! इथे तारीख पाहिली नाही, तंत्र पाहिलं. मांजराच्या यादीत चौथी पट्टी.


मुग्धा_म · रविवार, रात्री ९:४०

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे गुण स्वतः मांडायचे. भांडणं किती झाली असतील!


रेघोटी · रविवार, रात्री १०:०५

आमच्या बाजूची पाचवी पट्टी सांगू का? स्टुडिओत पिढी त्या दिवशी बदलते, ज्या दिवशी बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'जुन्यासाठी वेगळं बिल्ड (त्या यंत्रावर चालणारी गेमची आवृत्ती) यापुढे करायचं नाही.' त्या दिवशी खरंच हायसं वाटतं.

२०२० मध्ये सोनीच्या जिम रायन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की आमचा पिढ्यांवर विश्वास आहे. आणि २०२२ ला सोनीचेच होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिझ्मो ७ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक हे तिन्ही गेम पीएस४ वरही आले. मी त्यांना दोष देत नाही. पीएस४ घरोघरी होते, पीएस५ मिळता मिळत नव्हते. पण कंपनी पिढी जाहीर करते आणि गेम ती दोन वर्षांनी मान्य करतात, असं झालंय खरं.

पूर्वी हे जमत नव्हतं कारण दर वेळी आतलं यंत्रच परकं असायचं. पीएस३ वर पीएस२ चे गेम चालावेत म्हणून सुरुवातीच्या पीएस३ मध्ये पीएस२ च्या चिपाच बसवल्या होत्या! पीएस४ पासून आत आपल्या पीसीसारखाच एक्स८६ प्रोसेसर आहे, एक्सबॉक्समध्येही तसाच. मग जुन्याचं नव्यावर चालवणं सोपं, आणि नव्याचं जुन्यावर आणणं, कटकट असली तरी, शक्य. भिंत होती तिथे आता उंबरठा आहे.

असो, उद्या बिल्ड द्यायचं आहे. दोन यंत्रांसाठी. ओळखा कुठली.


टिंबटिंब · रविवार, रात्री १०:११

ओडिसी आणि स्विच २?


जुनं_कार्ट्रिज · रविवार, रात्री १०:३०

😀

खोकेबाज, अवांतर वाटेल पण महत्त्वाचं: पत्र्याचं आवरण परत बसवताना सगळे डाख दिले नाहीत तरी चालेल, चार कोपरे पुरेत. आणि कार्ट्रिजच्या खाचेत कसलंही तेल घालू नका. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या.


आडवाटे · रविवार, रात्री १०:५२

माघार घेत नाही, पण मांजराला अर्धा गुण देतो. लढाई हा माझा नियम पाचव्या ते सातव्या पिढीला चपखल बसतो. त्या काळात तीन कंपन्या साधारण एकाच वेळी रिंगणात उतरायच्या, म्हणून तो नियम बसला. आधी बाजार देशोदेशी वेगळा होता. १९८३ ला उत्तर अमेरिकेत कन्सोलचा धंदा कोसळला, त्याच वर्षी जपानमध्ये फॅमिकॉम जन्मला आणि धो धो चालला. अमेरिकेला तो एनईएस नावाने १९८५ च्या अखेरीस भेटला. ब्रिटनमधली पोरं तेव्हा स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर कॅसेट लावून बसली होती, त्यांना ना ती पडझड जाणवली, ना ती 'तिसरी पिढी'. आणि आता निन्टेंडो आपल्या घड्याळाने चालतं. सगळ्यांचं घड्याळ जुळलेला काळ जेमतेम वीस वर्षांचा, आणि आपण त्यावरून सगळा इतिहास कापतोय.


गणिती_मांजर · रविवार, रात्री ११:०८

अर्धा गुण स्वीकारला. ओडिसीच्या पद्धतीने स्वतःच मांडून ठेवते.


खोकेबाज · सोमवार, सकाळी ७:२५

रात्री दीडपर्यंत जागून फडताळ लावलं. रिपोर्ट देतो.

चिकटपट्ट्या काढल्या नाहीत, पण आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत कारण लिहिलंय. वीखाली 'शेजाऱ्यांमुळे'. वी यूखाली 'बापामुळे'. स्विच त्याच्याच बाजूला, खाली परत 'शेजाऱ्यांमुळे'. ड्रीमकास्टखाली काय लिहावं सुचलं नाही, म्हणून फक्त '१९९८-२००१' लिहिलं.

कलेकोव्हिजन आणि एसजी-१००० परत बंद केले (काका, चार कोपरेच डाखले). दोघांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला हात धजेना. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यामधली फळी चार स्क्रू काढून सरकवून टाकली. आता तो एक मोठा कप्पा आहे. दोघं एकावर एक बसलेत, फॅमिकॉम जरा अंतर राखून.

जमिनीवर आता एकच उरलाय. गेम बॉय. १९८९ चा, पोटात ८-बिट प्रोसेसर, चार छटांचा पडदा, आणि याद्यांमध्ये मेगा ड्राइव्हबरोबर चौथ्या पिढीत.


टिंबटिंब · सोमवार, सकाळी ७:३१

खिशात ठेवा.